बॉम्ब शेल्टरमधला सुभेदार

भर सकाळी साडेनऊ वाजता नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रातकिडा ओरडायला लागला, तेव्हा सुलेखाताईंनी निवडायला घेतलेली कोथिंबीर बाजूला ठेवली आणि कान दिला.

सांगलीहून सिंगापूरला येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. लेक अनुया आठलाच ऑफिसला गेली होती. तोआ पायोहमधला हा भाड्याचा फ्लॅट लहानसाच होता, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते शोधायला वेळ लागला नाही. स्वयंपाकघराला लागून एक लोखंडी दार होतं. इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक घराला जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली असते, युद्ध झालंच तर लपायला. लोक तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात आणि तिच्यात सुटकेसी नि जुने पंखे ठेवतात. अनुयानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ते दार उघडू नकोस हं आई. आत मैत्रेयीचं सामान आहे. आणि दार जड आहे, अडकलं तर पंचाईत." मैत्रेयी म्हणजे अनुयाची आधीची फ्लॅटमेट. नोकरी गेल्यावर ती आठ महिन्यांपूर्वी मुंबईला परत गेली होती.

सामान काही ओरडत नाही, असा विचार करून सुलेखाताईंनी दाराचा दांडा ओढला.

आत ट्यूबचा पांढरा उजेड होता. जमिनीवर काचेची मोठी पेटी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण, झाकणावर ती ट्यूब आणि एक दिवा. शेजारी जाळीच्या डब्यात पंचवीस-तीस रातकिडे. पेटीत प्लास्टिकच्या वेली सोडलेल्या होत्या, एका वाटीत पाणी होतं, आणि तळाला कोपऱ्यात, काचेला तोंड लावून, वीतभर लांबीचा एक कॅमेलियन, रंग बदलणारा सरडा, बसला होता. डोक्यावर उंच टोपासारखा तुरा. अंग काळपट हिरवं, त्यावर निळे-पिवळे ठिपके. डावा डोळा मिटलेला.

सुलेखाताई घाबरल्या नाहीत. त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि चष्मा नीट केला. एकतीस वर्षं त्या सांगलीतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होत्या. प्रॅक्टिकलच्या आधी बेडूक, सरडे क्लोरोफॉर्मनं मारून मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी लावून ठेवायचे, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, लेबलं लिहायची, असं ते काम. त्या बरण्यांपैकी एकीत सरडगुहिरा होता, आपल्याकडचा झाडावरचा कॅमेलियन. फॉर्मॅलिनमध्ये पांढराफटक पडलेला. ती बरणी त्यांनी किती वेळा पुसली असेल याची गणती नव्हती. जिवंत मात्र आज पहिल्यांदा दिसत होता.

दुपारपर्यंत त्या तिथून फारशा हलल्या नाहीत. एका जुन्या पाकिटाच्या मागे त्यांनी वेळा लिहिल्या: कधी उजवा डोळा उघडला, कधी मिटला, कधी पुढच्या पायांनी काच खरवडली.

संध्याकाळी अनुया घरी आली. तिनं चहाचा कप हातात घेतल्यावर सुलेखाताई म्हणाल्या, "अनू, त्याचा डावा डोळा आज दिवसभर मिटलेला होता. नेहमीच असतो का तसा?"

अनुयानं कप खाली ठेवला.

"आठवडा झाला," ती म्हणाली. "आधी नव्हता."

"आणि खाणं?"

"आठ दिवस काही नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. मैत्रेयीनं तो कोणाकडून तरी आणला होता. तिला एकाएकी जावं लागलं तेव्हा ती म्हणाली होती, दोन आठवडे ठेव, एक जण येऊन घेऊन जाईल. कोणी आलं नाही. इथे असले प्राणी घरात ठेवायला बंदी आहे हे अनुयाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सापडलं तर दंड, कदाचित कोर्ट. आणि ती बँकेत कम्प्लायन्समध्ये होती, म्हणजे बाकीच्यांनी नियम पाळले की नाही हे बघणं हीच तिची नोकरी. शिवाय गेल्याच महिन्यात तिनं पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, अर्ज केला होता.

"पहिल्या आठवड्यातच प्राण्यांच्या सरकारी खात्याकडे द्यायला हवा होता," ती म्हणाली. "नाही दिला. मग वाटलं, आता विचारतील इतके दिवस का ठेवलात. मग आणखी दिवस गेले."

"आणि लळा लागला."

अनुयानं खिडकीकडे बघितलं. "घरात शिरले की तो एक डोळा माझ्याकडे वळवायचा. दुसरा भलतीकडेच. पण एक माझ्याकडे." मग तिनं सांगितलं, "डोक्यावरच्या त्या टोपामुळे मी त्याला सुभेदार म्हणते."

सुलेखाताईंच्या मनात रागवायचं होतं. दोन वर्षं मुलगी घरी आली नव्हती, फोनवर सगळं छान चाललंय म्हणायची, आणि इथे रोज एका सरड्याकडे बघत एकटी जेवत होती. पण ते आता बोलून उपयोग नव्हता. "चल, दाखव तू काय काय करतेस त्याला," त्या म्हणाल्या.

अनुया बरंच काही करत होती. इंटरनेटवर परदेशी लोकांचे गट होते, तिथे तिनं वेगळ्या नावानं पंधरा प्रश्न विचारले होते आणि पंधरा जणांनी पंधरा रोग सांगितले होते. कोणी म्हणे जंत, कोणी म्हणे मूत्रपिंड, कोणी म्हणे हाडं. सोमवारी तिनं दिवा बदलला, मंगळवारी व्हिटॅमिनची पूड रातकिड्यांना लावली, बुधवारी पेटी आणखी गरम केली, गुरुवारी पुन्हा थंड.

"रोज एक गोष्ट बदललीस तर कशानं काय झालं हे कळणार कसं?" सुलेखाताई म्हणाल्या. "आधी नुसतं बघायचं. मग एक बदलायचं. मग परत बघायचं. एक वही दे मला."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वहीत त्यांनी तारीख घातली, सुभेदाराचं चित्र काढलं, एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला जे दिसेल ते. प्रयोगशाळेत मुलांची जर्नलं सरांकडे तपासायला जाण्याआधी त्याच चाळून बघायच्या. कुठल्या मुलानं खरंच पाहून लिहिलंय आणि कुणी शेजाऱ्याचं उतरवलंय हे त्यांना पहिल्या ओळीत समजायचं.

सकाळी अनुयानं पेटी साफ केली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "टाकू नकोस. विष्ठा आधी बघू."

विष्ठेतला जो भाग पांढरा असायला हवा तो गर्द नारिंगी होता. अनुयानं फोनवर शोधलं आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे त्याच्या अंगात पाणीच नाही. पण वाटी तर रोज भरते मी."

"त्यातलं पाणी कमी झालेलं कधी पाहिलंस?"

अनुयाला आठवेना. दोघींनी वाचायला सुरुवात केली, आणि तासाभरात कळलं की हा प्राणी साठलेलं पाणी ओळखतच नाही. झाडावर राहणारा, पानांवरून ओघळणारे थेंब चाटणारा. आठ महिने अनुया कधीमधी वेलींवर फवारा मारायची, त्यावर तो तगला होता. गेल्या पंधरवड्यात ऑफिसात ऑडिट होतं, फवारा मारायचाही राहून गेला होता.

नंतर सुलेखाताईंनी ट्यूबकडे बोट केलं. "ही कधीची?"

"मैत्रेयीची. दीडेक वर्ष झालं असेल. पण चांगली पेटते की."

"पेटते म्हणून काय झालं? मधे हे प्लास्टिकचं झाकण आहे. मला डॉक्टरांनी सांगितलंय, हाडांसाठी उन्हात बसा, पण काचेआड बसून काही मिळत नाही म्हणून. याला तरी कसं मिळेल?"

अनुयानं तेही शोधलं. आई बरोबर होती. शिवाय अशी ट्यूब वर्षभरात निकामी होते. उजेड तेवढाच दिसतो, पण हाडांना लागणारं त्यात काही उरत नाही. सुभेदाराचे पुढचे पाय किंचित बाकदार झाले होते. ते तसेच असतात असं अनुया समजत होती. ती बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली.

"मी त्याला उपाशी नाही ठेवलं आई," ती म्हणाली. "पण दुसरं काय केलं मग?"

"ठाऊक नव्हतं ते केलं नाहीस. आता ठाऊक झालं. ऊठ."

खालच्या बाजारातून त्यांनी धुण्याचे कपडे ठेवायची जाळीची उंच टोपली आणली, आणि नर्सरीतून कुंडीतली जास्वंद. कुंडी टोपलीत ठेवली, वर प्लास्टिकची बाटली टांगून तिच्या बुडाला सुईनं भोक पाडलं. थेंब पानावर पडू लागला. एवढ्यापर्यंत सोपं होतं. पण टोपली ठेवायची कुठे? ऊन आणि वारा येणारी एकच जागा होती, स्वयंपाकघराची खिडकी, आणि समोरच्या ब्लॉकमधून ती सरळ दिसायची.

"कोणीतरी बघेल," अनुया म्हणाली. "एक फोन केला की संपलं."

सुलेखाताईंनी आपली निळी सुती साडी धुतली आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातली. सगळ्या इमारतीभर कपडे वाळत होते. साडीच्या एका बाजूनं हातभर ऊन आत येत होतं तेवढं पुरेसं होतं.

सुभेदार जास्वंदीच्या फांदीवर हळूहळू, दर पावलाला डुलत चढला. पानावरच्या थेंबाशी त्यानं तोंड नेलं आणि प्यायला लागला. सुलेखाताईंनी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं तो पीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. अनुयानं चिमट्यात रातकिडा धरून जाळीच्या आत नेला. सुभेदारानं दोन्ही डोळे एकदम त्याच्यावर आणले, तोंड उघडलं, आणि काहीतरी सटकन गेलं आणि आलं. रातकिडा चिमट्यात नव्हता.

सुलेखाताई रिकाम्या चिमट्याकडे बघतच राहिल्या. ती जीभ त्यांनी बरणीतल्या सरडगुहिऱ्याच्या तोंडातून चिमट्यानं कितीदा ओढून दाखवली होती. मुलं पट्टीनं मोजायची आणि लांबी लिहून घ्यायची. ती अशी जाते हे त्यांना ठाऊक होतं, पण अंदाज नव्हता.

"आई, काय झालं?"

"काही नाही. लिही, नऊ वाजून दहा मिनिटं, एक."

तो एकच. त्यानंतर सुभेदारानं पुन्हा काही खाल्लं नाही. सोमवारी तो फांदीवरून उतरून टोपलीच्या तळाला गेला आणि जाळी खरवडायला लागला. मंगळवारी दिवसभर तेच. पाणी मिळत होतं, ऊन मिळत होतं, विष्ठा पांढरी व्हायला लागली होती, तरी तो अस्वस्थ होता. पोट फुगलं होतं. ठिपके तर आधीपेक्षा ठळक झाले होते. अनुयाचं ऑफिसात लक्ष नव्हतं. दर तासाला ती मेसेज पाठवून विचारत होती.

मंगळवारी दुपारी सुलेखाताईंनी जाळीतून हात घालून त्याला अलगद उचललं. त्यानं फिसकारलं, पण चावला नाही. उन्हात धरून त्यांनी कुशीकडे पाहिलं. कातडीखाली उंचवटे होते. बोटानं चाचपले तेव्हा भुईमुगाच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे एकाला एक लागून लागले. त्यांचे हात थांबले. असे दाणे त्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये शेकडो वेळा पाहिले होते.

अनुया घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "अनू, हा सुभेदार नाही. ही बाई आहे. पोटात अंडी आहेत."

"शक्यच नाही. आठ महिने एकटाच आहे तो. नर कुठून येणार?"

"कोंबडी घालते की कोंबड्याशिवाय. पिल्लं होत नाहीत, एवढंच."

अनुयानं लॅपटॉप उघडला. या जातीच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर लहानशी नखी असते, अगदी जन्मापासून. दोघींनी मागचे पाय पाहिले. नखी नव्हती. गडद अंगावर निळे-पिवळे ठिपके म्हणजे अंडी तयार झाल्याची खूण होती. आणि मादी ती फांदीवर घालत नाही, जमिनीत बीळ करून घालते. इतके दिवस ती जागा शोधत होती, आधी काचेत आणि आता जाळीत.

"पंधरा लोकांना विचारलं मी," अनुया म्हणाली. "एकानंही विचारलं नाही की तो नरच आहे कशावरून."

"तू सगळ्यांना तो म्हणूनच सांगितलंस. मग कोण विचारणार?"

त्याच संध्याकाळी बादली आली. कुंडीची माती आणि वाळू मिसळून सुलेखाताईंनी पाण्याचा हबका मारला, लाडू वळता येईल इतकी ओली केली, आणि मुठीत दाबून बघितली. बादली जाळीत ठेवून भोवती चादर गुंडाळली, कारण कोणी बघत असेल तर ती बीळ अर्ध्यावर सोडते असं वाचलं होतं. बुधवारी ती खणत होती. चादरीच्या फटीतून फक्त शेपटी दिसायची आणि मातीचा बारीक फवारा. गुरुवारी दुपारी सुलेखाताईंनी पाहिलं तेव्हा ती वर येऊन बादलीच्या काठाला टेकली होती. बिळात अकरा अंडी होती, पांढरी, लांबट. कुशीतले उंचवटे मात्र जवळपास तसेच होते.

शुक्रवारी सकाळी तिचे डोळे खोल गेले होते. अनुयानं बोट पुढे केलं. एरवी ती बोटाला घट्ट विळखा घालायची. आज तिचा पाय नुसता बोटावर पडून राहिला.

अनुया ऑफिसच्या कपड्यांत जमिनीवर बसली. "आता काय करायचं? तूच सांग."

"मला सांगता येणार नाही," सुलेखाताई म्हणाल्या. "मला आतलं सगळं ठाऊक आहे अनू, पण मेलेल्यांचं. एकदा ट्रेमध्ये एक मादी उघडली होती, अंडी आत अडकून सुकलेली. सर म्हणाले, बघा, छान नमुना आहे. आम्ही तिचं चित्र काढलं. ती वाचली असती का, कशानं वाचली असती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. हिला डॉक्टर पाहिजे."

"डॉक्टरकडे नेलं की ते खात्याला कळवणार."

"हो."

"माझा पीआर जाईल कदाचित. नोकरीचं काय होईल सांगता येत नाही."

"ते तुझं तू ठरव. मी दोन महिन्यांत परत जाईन, इथे तुला राहायचंय. तू काही ठरवलंस तरी मी बोलणार नाही." एवढं बोलून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. चहाचं आधण त्यांनी ठेवलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

अनुया जमिनीवरच बसून होती. तिच्या टेबलासमोर महिन्यातून एकदोन जण तरी येऊन बसायचे, काहीतरी लपवून ठेवलेले, आणि ते आता सापडणार म्हणून घामाघूम झालेले. त्या सगळ्यांना ती एकच सांगायची: दुसऱ्या कुणी शोधून काढायच्या आत तुम्ही स्वतः येऊन सांगा. हे सांगताना तिचा आवाज नेहमी शांत असायचा. किती सोपं होतं ते सांगणं.

तिनं फोन उचलला. आधी प्राण्यांच्या सरकारी खात्याला केला, मग सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या दवाखान्याला, आणि शेवटी ऑफिसात साहेबांना. तिन्ही वेळा तिनं पूर्ण नाव सांगितलं. तिसऱ्या फोनला आवाज थरथरला, पण वाक्य पूर्ण झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टर चिआ चाळिशीतल्या बाई होत्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला: आत सव्वीस अंडी, आणि हाडं नको तितकी फिकट. अंडी ढकलायला स्नायूंना कॅल्शियम लागतं, त्या म्हणाल्या, आणि हिच्याकडचं सगळं कॅल्शियम आधीच संपलंय. अकरा घालून ती थकली. आज सलाइन आणि कॅल्शियम देऊ, उद्या कळा येण्याचं इंजेक्शन. तेवढ्यानं नाही झालं तर ऑपरेशन, आणि तिच्या अंगात ऑपरेशनची ताकद आहे असं मी म्हणणार नाही.

"तिची माहिती काही लिहून ठेवलीय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सुलेखाताईंनी पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरांना मराठी वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती: विष्ठेचा रंग, पायांचा बाक, पोटावरचे उंचवटे कुठे आणि किती. अनुया एकेक ओळ वाचून इंग्रजीत सांगत गेली. डॉक्टरांनी मधे दोनदा थांबवून वेळा पुन्हा विचारल्या.

"आंटी, बादली कोणत्या दिवशी ठेवली?"

"मंगळवारी," सुलेखाताईंनी स्वतःच इंग्रजीत सांगितलं. "संध्याकाळी सात."

"त्या अकरा अंड्यांचा भार कमी झाला म्हणून ती आज इथवर आली," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर कालच संपलं असतं." मग त्या अनुयाकडे वळल्या. "एक गोष्ट मला सांगावी लागेल. कायद्यानं मला हे कळवणं..."

"मी सकाळीच कळवलंय," अनुया म्हणाली.

दुपारी खात्याचा माणूस आला. रिदवान नाव होतं त्याचं, वयानं अनुयापेक्षा लहानच. त्यानं शांतपणे सगळं लिहून घेतलं. प्राणी कुठून आला, कधी, कोणी दिला. शेवटी त्यानं विचारलं, "आठ महिने का ठेवलात?"

अनुयानं मनात तीन-चार उत्तरं तयार ठेवली होती. "आधी आळस," ती म्हणाली, "मग भीती. आणि मग मला तिची सवय झाली."

त्यानं तसंच लिहिलं. प्राणी जप्त झाला असं कागदावर आलं, पण बरा होईपर्यंत दवाखान्यातच राहील असंही त्यानं लिहिलं. पुढे काय कारवाई होईल हे तो सांगू शकत नव्हता. जाताना त्यानं मैत्रेयीचा पत्ता विचारला. अनुयाकडे फक्त तिचा नंबर होता, तो तिनं दिला.

शनिवारी सकाळपासून दोघी फोनकडे बघत बसल्या. सुलेखाताईंनी पोळ्या केल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत. दोन वाजता फोन आला. अनुयानं स्पीकर लावला.

"तेवीस आली," डॉक्टर चिआ म्हणाल्या. "तीन राहिलीत, पण आता ती स्वतः जोर करतेय. ऑपरेशन लागेल असं वाटत नाही."

अनुयानं थँक यू म्हटलं, फोन ठेवला, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती लहान असताना आईच्या साडीला फॉर्मॅलिनचा वास यायचा, आणि शाळेत मैत्रिणी नाक मुरडायच्या म्हणून ती आईला फाटकापाशी यायला नको म्हणायची. ते तिनं आता सांगितलं, रडत रडतच.

"ठाऊक होतं मला," सुलेखाताई म्हणाल्या. "म्हणून तर कोपऱ्यावरच्या वडापाशी थांबायचे मी."

पाच आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं: दंड, आणि लेखी ताकीद. स्वतःहून कळवलं हे त्यात नमूद होतं. बँकेत साहेबांनी तिला बोलावून बराच वेळ सुनावलं आणि फाइलमध्ये नोंद केली, नोकरी राहिली. पीआरचं अजून काहीच आलं नव्हतं. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, असं अनुया म्हणाली, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

मादी खायला लागली होती. दिवसाला सहा रातकिडे, आणि अंगावर आता गडद रंग नव्हता, कोवळ्या पोपटी रंगाची झाली होती. पुढचे पाय बाकदारच राहतील, पण चढता येतं, असं डॉक्टर म्हणाल्या. सरकारी परवाना असलेल्या एका प्राणिसंग्रहात तिला ठेवून घ्यायचं ठरलं होतं. तिथे तिला खरं ऊन मिळणार होतं आणि मातीचा खोल वाफाही. नेण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. अनुया जाळीजवळ उभी राहिली. मादीनं एक डोळा तिच्याकडे वळवला, थोडा वेळ ठेवला, मग पानावरच्या किड्याकडे नेला. अनुयानं फोटो काढला नाही.

परतताना दोघी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, बसल्या. दुपारची गर्दी ओसरली होती, पंखे वर फिरत होते. सुलेखाताईंना आता इथली कॉफी मागता येत होती. "कोपी, साखर कमी" असं त्या स्टॉलवर जाऊन स्वतः सांगून आल्या.

"मे महिन्यात पंधरा दिवस रजा टाकलीय," अनुया म्हणाली. "सांगलीला येते."

"मेमध्ये? भाजून निघशील."

"निघू दे."

मग तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली. मैत्रेयी गेल्यावर घर कसं झालं होतं, रविवारी ती कुठे कुठे एकटीच चालत जायची, ऑफिसात कोणाशी पटतं, कोणाशी नाही, आणि एक निशिकांत नावाचा मित्र आहे, जुरोंग आयलंडवर नोकरीला, त्याच्याबद्दल घरी केव्हा सांगावं ते तिला समजत नव्हतं. सुलेखाताई ऐकत होत्या. कप रिकामे झाले तेव्हा त्यांनी हातानंच तिला थांब अशी खूण केली, स्टॉलवर गेल्या, आणखी दोन कॉफ्या सांगितल्या, आणि परत येऊन बसल्यावर म्हणाल्या, "हं. निशिकांत. पुढे?"